जेसन स्ट्रीटनं कोचगिरी सोडली ते बरं केलं का? (फ्रायडे नाइट लाइट्स, स्पॉयलर आहेत)

तिरपा_फाटा

कंबरेनं दगा दिला म्हणून तीन आठवडे आडवा होतो. वाकायचं नाही, उचलायचं नाही, स्कूटर बंद. टीव्ही बघू नका असं काही डॉक्टर म्हणाले नव्हते, तेवढी फट सापडली आणि 'फ्रायडे नाइट लाइट्स' पहिल्यापासून शेवटपर्यंत संपवली. पाच सीझन, ७६ भाग. बायको म्हणाली, घरात बसून एवढा फुटबॉल कुणी खेळला नसेल.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेक्ससमधलं डिलन नावाचं काल्पनिक गाव. शाळेची फुटबॉल टीम हेच ग्रामदैवत. फुटबॉल म्हणजे तो अमेरिकन, लंबगोल चेंडूचा, हेल्मेटवाला. मूळ पुस्तक १९९० सालचं, ओडेसा गावातल्या पर्मियन हायस्कूलच्या १९८८च्या टीमवरचं. त्यावर २००४ साली पिक्चर आला आणि ३ ऑक्टोबर २००६पासून एनबीसीवर ही मालिका. खेळाचे नियम मला अजून निम्मेच कळलेत, पण त्यानं काही अडत नाही. खरी मालिका घराघरांतली आहे. टिम रिगिन्स दिवसाढवळ्या बिअर उघडतो, आईबाप दोघंही पत्त्यावर नाहीत. स्मॅश विल्यम्स कॉलेजच्या निवडीपायी स्टेरॉइड घेतो. मॅट सॅरासनचा बाप इराकमध्ये आणि घरी स्मृतिभ्रंश झालेली आजी, तिचं सगळं हाच करतो. पुढे व्हिन्स हॉवर्ड येतो (मायकल बी. जॉर्डन, तेव्हा कोवळा पोरगा), त्याच्यापुढे दोनच रस्ते असतात, टीम नाहीतर सुधारगृह. या सगळ्यांना ओढत नेणारा कोच एरिक टेलर. काइल चँडलरला २०११ साली यासाठी एमी मिळालं, आणि ते कुणाच्या उपकारानं नव्हे.

आता माझी तक्रार. पहिल्याच भागात, सीझनच्या पहिल्याच सामन्यात, टीमचा हिरा जेसन स्ट्रीट पास टाकतो. तो समोरच्याच्या हातात जातो, त्याला अडवायला जेसन घुसतो आणि उठत नाही. मानेचा मणका. तिथून व्हीलचेअर. पुढे आईबाप कोचवरच दावा लावतात, की पोराला टॅकल (समोरच्याला अंगानं अडवून पाडणं) नीट शिकवलं नाही. तडजोड होते. आणि सीझन १च्या शेवटाकडे हाच जेसन त्याच टेलरच्या हाताखाली सहायक कोच होतो!

मी उठूनच बसलो (डॉक्टरांची मनाई असताना). म्हटलं, आता खरी गोष्ट सुरू होणार. ज्याच्यावर आपल्या घरच्यांनी दावा लावला त्याच्याच शेजारी रोज मैदानाच्या कडेला बसायचं. जी टीम आपली होती तिला दुसऱ्याच्या पायांवर खेळताना बघायचं. आणि ही बिघडलेली, अर्धवट पोरं. त्यांना याच्याइतकं खरं कोण बोलू शकेल? पण सीझन २मध्ये काही भागांतच गडी कोचगिरी सोडतो. मग मोटारी विकतो, मग मूल, मग न्यूयॉर्क. माझं म्हणणं, लेखकांनी हातातलं सोनं टाकून दिलं. तुम्हाला काय वाटतं?

पोहे_विथ_शेव

वाचतेय. तो रिगिन्स काय दिसतो, बाकी मला काही आठवत नाही.

गणिताची_बाई

@तिरपा_फाटा, पूर्ण सहमत, आणि एक भर. सीझन २ तसाही गंडलेला आहे. तो मॅटच्या दोस्ताचा, लँडरीचा, खुनाचा प्रकार आठवा, मालिका बदलली की काय असं वाटलं होतं. त्यात लेखकांचा संप झाला आणि १५ भागांवर सीझन आटोपला, कितीतरी धागे तसेच लोंबकळत राहिले. पण जेसनचं खापर संपावर फोडता येत नाही, त्याला आधीच बाजूला सारलं होतं. व्हीलचेअरवरचं पात्र लिहायचं म्हणजे रोज विचार करावा लागतो, हा माणूस या खोलीत आला कसा. त्यापेक्षा न्यूयॉर्कला पाठवला की सुटलो.

दुसरं, स्कॉट पोर्टर चांगलं काम करतो, पण तो स्वतः अपंग नाही. एवढ्या मोठ्या देशात एक नट मिळाला नसता का?

तिरपा_फाटा

पहिला सामना आणि आधीचं चालणं-पळणं दाखवायचं होतं ना, म्हणून असेल.

गणिताची_बाई

पहिला भाग ४५ मिनिटांचा. उरलेली खुर्ची काही तासांची आहे!

ऑस्टिनची_मावशी

अरे वा, आमच्या अंगणातला धागा. मालिकेचं शूटिंग ऑस्टिन आणि आसपासच्या गावांत झालं. स्टुडिओतले सेट फारसे नाहीत, घरंही खरी. तीन कॅमेरे एकदम चालू, तालीम नाही, कुठे उभं राहायचं याच्या खुणा नाहीत. नटांनी बोलायचं आणि कॅमेऱ्यांनी त्यांना शोधायचं. म्हणून ते वाक्य अर्धं तोडतात, एकमेकांवर बोलतात, अगदी आपल्या घरी जेवणाच्या टेबलावर असतं तसं.

गावाचं वेड अतिशयोक्त वाटत असेल तर एकदा शुक्रवारी संध्याकाळी इकडे या. डॅलसजवळच्या ॲलन गावात (आपली खूप मंडळी राहतात तिथे) एका शाळेसाठी १८,००० माणसांचं स्टेडियम आहे. खर्च सहा कोटी डॉलर. २०१२ साली उघडलं, २०१४ साली काँक्रीटला भेगा गेल्या म्हणून बंद, दुरुस्त करून २०१५ साली परत चालू. शाळेचं स्टेडियम हं!

आणि होमकमिंगचे (शाळेच्या वार्षिक सोहळ्याचे) 'मम'. शेवंतीचं फूल म्हणायचं, प्रत्यक्षात रेशमी फुलं, हातभर रिबिनी, टेडी बेअर, घुंगरं, सगळं पोरीच्या छातीवर टाचलेलं. आमची कन्या पहिल्यांदा ते घालून जिना उतरली तेव्हा सासूबाई आलेल्या होत्या. म्हणाल्या, "अगंबाई, नंदीबैल आला का दारात?" पोरगी दोन दिवस बोलली नाही.

जेसनबद्दल माझं मत नंतर लिहिते, डबे भरायचेत.

हाडांचा_वैद्य

टॅकलचा विषय निघालाच आहे म्हणून. मालिकेतली इजा वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. मान ताठ असताना तिला थोडा बाक असतो, तो धक्का पचवतो. डोकं साधारण ३० अंश खाली झुकलं की तो बाक जातो आणि मणके एका सरळ रेषेत येतात. तेवढ्यात टाळूवर आघात झाला तर सगळा जोर खांबासारखा थेट मानेच्या मणक्यांवर, पसरायला जागाच नाही. हेल्मेट कवटी वाचवतं, मान नाही. उलट हेल्मेट आहे म्हणून पोरं बिनधास्त डोकं घालायला लागली. अमेरिकेत १९७६ साली कॉलेज आणि शाळा दोन्हीकडे डोक्यानं धडक देण्यावर बंदी आली आणि पोरं कायमची लुळी पडण्याचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. तेव्हा आईबापांचा दावा अगदीच हवेतला नव्हता. "मान वर ठेव" हे कोचनं दिवसातून शंभरदा ओरडायचं वाक्य आहे.

तिरपा_फाटा

डॉक्टर, मग जेसन कोच झाल्यावर त्यानं हेच शिकवायला हवं होतं! त्याच्या तोंडून "मान वर" ऐकून कोण विसरेल? बघा, म्हणजे माझाच मुद्दा.

चाकांवरून

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही.

१९९८ पासून माझी खुर्ची आहे. अपघात, छातीखाली संवेदना नाही. ही मालिका मी दोनदा बघितली आहे आणि तुम्ही ज्याला सोनं टाकून देणं म्हणताय, माझ्या मते अख्ख्या मालिकेत तेवढंच शंभर नंबरी आहे.

तिरपा_फाटा, शेवटचा प्रतिसाद पुन्हा वाचा. तुम्हाला जेसन कोच म्हणून नको आहे, इशाऱ्याची पाटी म्हणून हवा आहे. 'पुढे धोक्याचे वळण' तशी. पोरांनी त्याच्याकडे बघायचं आणि मान वर ठेवायची. त्याला खेळ किती कळतो, समोरच्या टीमची चाल तो दोन सेकंद आधी कसा वाचतो, याचा त्यात संबंधच नाही.

स्वतःचं सांगतो. एका कॉलेजात दोन वर्षं मी टेबल टेनिस शिकवत होतो. कॉलेजचं नाव घेत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच आहे. दोन वर्षांत मला सात शाली मिळाल्या. गॅदरिंगला शाल, क्रीडादिनाला शाल, पाहुणा आला की शाल. दर वेळी सूत्रसंचालक 'परिस्थितीवर मात' म्हणायचा आणि चार जण मला खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठेवायचे. आणि टीम निवडायची बैठक? ती पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. चार जण तेव्हा कुठे असायचे कोण जाणे. दोन वर्षांत एकही पोरगा मी निवडला नाही, यादी शिपायाच्या हाती खाली यायची. एकदा म्हटलं, बैठक खाली घ्या, तर उत्तर आलं, "सर, तुम्ही कशाला त्रास घेता?"

तिसऱ्या वर्षी गेलो नाही. शाली आईनं वाटून टाकल्या. एक मोती ओढून घेऊन बसतो, मोती म्हणजे आमचा कुत्रा.

जेसन सोडून जातो तेव्हा मला वाटलं, लिहिणाऱ्यानं कुठेतरी ही शाल अंगावर घेतलेली आहे.

गणिताची_बाई

हे असं मला दिसलंच नव्हतं. तरी एक विचारू का? त्याच्या जाण्याचं कारण अपमान असं मालिकेत ठसठशीत येतं का, की तुम्ही तुमचं त्यात वाचताय?

चाकांवरून

थोडं माझं वाचतोय, कबूल. पण क्रम बघा. आधी तो क्वाड रग्बी (व्हीलचेअरवरची रग्बी) खेळतो, त्याचा दोस्त हर्क त्याला त्यात आणतो. अमेरिकेच्या टीमसाठी निवडचाचणी देतो, घेतला जात नाही. मग कोच होतो. मग रिगिन्सला घेऊन मेक्सिकोला जातो, तिथे म्हणे पेशी टोचून चालायला लावणारी शस्त्रक्रिया, ती न करताच परततो. आणि मग कोचगिरी सोडतो. म्हणजे चालायचं स्वप्न आणि मैदानाच्या कडेची खुर्ची ही दोन्ही एकापाठोपाठ सुटतात. माझ्या लेखी ती एकच गाठ आहे. जुन्या टीमच्या कडेला बसून राहणं म्हणजे रोज जुन्या जेसनच्या तेराव्याला जेवायला जाणं.

क्वाड रग्बीबद्दल थोडं, कारण त्याच्यावर कुणीच बोलत नाही. १९७०च्या दशकात कॅनडात विनिपेगला सुरू झालेला खेळ, ज्यांचे हातही पूर्ण चालत नाहीत अशांसाठी. बास्केटबॉलच्या लाकडी कोर्टवर खेळतात. प्रत्येक खेळाडूला त्याच्या ताकदीप्रमाणे अर्ध्यापासून साडेतीनपर्यंत गुण, आणि कोर्टवरच्या चौघांची बेरीज आठच्या वर जायची नाही. म्हणजे नुसते तगडे घेऊन चालत नाही, कमी गुणांचा माणूसही टीमला लागतोच. त्याची खुर्ची योग्य जागी आडवी लागली नाही तर साडेतीनवाला कितीही पळो. खुर्च्या एकमेकींवर आदळण्याचा आवाज ऐकलात तर 'परिस्थितीवर मात' वगैरे शब्द तोंडातून निघणार नाहीत. सिडनी २०००पासून पॅरालिम्पिकमध्ये पदकाचा खेळ आहे. हर्क तिथे जेसनला जे सुनावतो ते मला टेलरच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त पटतं. हर्क खवट आहे, शिवराळ आहे, आणि त्याला जेसनची कणभरही दया येत नाही.

तिरपा_फाटा

इशाऱ्याची पाटी हा शब्द लागला. तसंच लिहिलं होतं मी, खोडत नाही, राहू दे.

बोस्फरस_ते_भोसरी

पिकला तात्या म्हणून जुनी आठवण काढतो. कामानिमित्त इस्तंबूलला तीन वर्षं होतो. तिथल्या पन्नाशीतल्या माणसाला बास्केटबॉलबद्दल विचारा, तो 'बेयाझ गोल्गे' म्हणणार. म्हणजे 'द व्हाइट शॅडो'. सीबीएसवर १९७८ ते १९८१, ५४ भाग. शिकागो बुल्सचा केन रीव्ह्ज, गुडघा गेला म्हणून खेळ संपला, तो लॉस एंजेलिसमधल्या कार्व्हर हायस्कूलमध्ये कोच होतो. हेडमास्तर त्याचा कॉलेजातला जुना टीममेट. पोरं बहुतेक काळी, गरीब वस्तीतली, घरी दारू, दारात पोलीस. दुसऱ्या सीझनच्या शेवटाला त्यातला एक दारूच्या दुकानातल्या गोळीबारात मरतो. त्या काळात हे टीव्हीवर कुणी दाखवत नव्हतं. तुर्कस्तानात एकच सरकारी वाहिनी होती, सगळा देश बघायचा आणि गल्लोगल्ली रिंगा लागल्या.

गंमत म्हणजे त्यातली दोन 'वाया गेलेली' पोरं, थॉमस कार्टर आणि टिमथी व्हॅन पॅटन, पुढे खऱ्या आयुष्यात नावाजलेले दिग्दर्शक झाले.

गुडघा हे अपंगत्व धरायचं का, हे चाकांवरून यांनीच सांगावं.

चाकांवरून

गुडघ्यावर पायऱ्या चढता येतात. निवड बैठकीला पोचला असता. :)

ऑस्टिनची_मावशी

डबे झाले. चाकांवरून, तुमचं वाचलं आणि माझं लिहायचं राहूनच गेलं. फक्त एक. इकडच्या शाळांच्या मैदानांना रॅम्प असतो, खुर्चीची जागा असते, ते कायद्यानं होतं. पण ती जागा बहुतेक वेळा एका टोकाला, जाळीमागे. मालिकेत जेसन कडेच्या रेषेवर असतो, तेवढं तरी त्यांनी केलं.

पोहे_विथ_शेव

आपल्याकडचं कुणी आठवतं का? पेटकर सोडून. त्यांच्यावर आता पिक्चरही येऊन गेला.

तिरपा_फाटा

मुरलीकांत पेटकर तर आहेतच. पेठ इस्लामपूरचे, सैन्यात बॉक्सर, १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण, ३७.३३ सेकंद. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. पण ते खेळाडू म्हणून. कोच म्हणून नाव सांगा कुणी.

लाल_मातीतला

नाव सांगणार नाही, त्यांना आवडलं नसतं. पण आमचे वस्ताद सांगतो.

पंचगंगेकाठचं गाव. वस्ताद तरुणपणी जोडीत नाव असलेला गडी, यात्रेत शेवटची कुस्ती त्यांची लागायची. उसाच्या ट्रॉलीखाली उजवा पाय गेला, गुडघ्याखालून काढला. त्या वेळी वय तिशीच्या आत. सहा महिने घराबाहेर पडले नाहीत म्हणे. मग एक दिवस पहाटे चारला कुबड्या टेकत तालमीत आले आणि हौद्याच्या काठावर बसले. ते मरेपर्यंत तिथेच बसले.

मी गेलो तेव्हा चौदा वर्षांचा होतो, आणि हौसेनं गेलो नव्हतो. आम्ही चौघं नदीवरच्या मोटारींची केबल चोरताना सापडलो होतो. तांब्याची तार जाळून विकायचो. पोलीसपाटलांनी चौकीत न नेता वस्तादांपुढे उभं केलं. वस्तादांनी नाव विचारलं नाही, बाप कोण विचारलं नाही. म्हणाले, "फावडं घे." महिनाभर फक्त माती उकरली. हौदा उकरायचा, ढेकळं फोडायची, ताक-हळद-तेल घालून परत उकरायचा. लंगोट बांधायला दुसऱ्या महिन्यात मिळाला. चौघांतला एक तिसऱ्या दिवशी पळाला, तो पुढे खरंच आत गेला. हे काही सगळ्यांवर चालणारं औषध नाही.

चाकांवरून, तुमचं वाचून मी काल झोपलो नाही, कारण आमच्याकडे उलटं होतं. वस्तादांना कधी कुणी उचललं नाही. तालमीचा उंबरा त्यांच्यासाठी आधीच फोडून काढला होता, कुणी फोडला ते आम्हाला ठाऊक नाही, आम्ही गेलो तेव्हा नव्हताच. कोणाची कुस्ती कोणाशी धरायची ते वस्ताद ठरवायचे. यात्रा कमिटी त्यांच्याकडे यायची, हौद्याच्या काठावर, वहाणा बाहेर काढून. त्यांच्या पायाबद्दल तालमीत मी एकदाही शब्द ऐकला नाही. आदर होता की भीती, अजून कळत नाही. थोडी भीतीच असेल.

चाकांवरून

उंबरा आधीच फोडलेला होता. बास, हेच. जेसनला डिलननं मैदानाच्या कडेला जागा दिली, उंबरा तसाच ठेवला.

एक विचारू? डाव कसा दाखवायचे? मला टेबल टेनिसला फार अडायचं नाही, बॅट हातात असते. पण कुस्ती?

हाडांचा_वैद्य

हेच विचारणार होतो.

लाल_मातीतला

काठीनं. चिंचेची होती, टोकाला चिंधी गुंडाळलेली. पकड लागली की त्या घोटाळ्यात वस्ताद काठावरून काठी घालायचे आणि नेमक्या जागी टेकवायचे. घोट्याच्या आतल्या बाजूला, नाहीतर कोपराच्या खाली. बोलायचे नाहीत. जिथे काठी लागली तिथे पुढचा हात घालायचा, की समोरचा चीत. मारली कधीच नाही, नुसती टेकवायचे.

आणि डॉक्टर, तुमची ती मान. पट काढायला (समोरच्याचे पाय ओढायला) कुणी डोकं खाली घालून घुसला की काठी हनुवटीखाली यायची. अजून वाकलो की हनुवटीला चिंधी लागते मला. परवा पोराच्या सायकलची चेन बसवत होतो, तेव्हाही.

तिरपा_फाटा

सीझन २ परत लावलाय. जेसन कडेला बसलेला असतो ते प्रसंग तेवढे बघतोय, आवाज बंद करून.

पोहे_विथ_शेव

आवाज बंद करून रिगिन्स पण छान दिसतो.